वर्दी आणि बंब

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी आपण बी-बियाणे, मीठ-मिरची घेत उभे असतो, आणि एकाएकी घंटेचा किंवा भोंग्याचा आवाज कानी येतो. माणसे दोन्ही अंगांना सरकतात, गाडीवान बैल आवरतो, पाल लावून बसलेली बाई टोपली आत ओढते. लाल गाडी धुरळा उडवीत निघून जाते. कोणी म्हणतो, "बंब गेला." दुसरा विचारतो, "कुणीकडं लागली?" उत्तराची वाट न पाहता तो पुन्हा वांग्याचा भाव विचारू लागतो.

त्या लाल गाडीत चार-सहा माणसे असतात. ती कोण, ती काय शिकली, त्यांना कोणी आणि काय सांगून बोलावले, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. तो यावा म्हणून आजचे हे भाषण. आगीशी माणसाने दिलेल्या झुंजीचा इतिहास मोठा आहे, पण मी त्यातल्या दोनच गोष्टी धरून चालणार आहे. एक, आग लागल्याची खबर, जिला बंबवाले 'वर्दी' म्हणतात. आणि दुसरी, ती खबर येण्याआधीच केलेली कवायत, म्हणजे शिक्षण.

प्रथम 'बंब' या शब्दाकडे पाहू. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत 'बोंबा' म्हणजे पाणी उपसण्याचा पंप. मराठीत त्याचा बंब झाला. गाडी मोटारीची असो की घोड्यांची, तिचा जीव तो पंप. दलातल्या टोळीच्या नायकाला पुण्यासारख्या ठिकाणी 'तांडेल' म्हणतात. तो शब्द तर आपल्या कोळ्या-खलाशांच्या गलबतावरचा. तेव्हा बंबवाल्यांची भाषासुद्धा समुद्रावरून आली आहे, ही गंमत ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला बंदरावरच जायचे आहे.

पण बंब येण्याआधी काय होते? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराची व्यवस्था सांगताना आगीचा विचार फार बारकाईने केला आहे. उन्हाळ्यात भर दुपारी घरात चूल पेटवायची नाही, पेटवायचीच तर ती घराबाहेर. प्रत्येक घरी पाण्याचे पाच घट, मोठा रांजण, लाकडी डोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडी, छपराचे गवत ओढून काढण्याचे हत्यार आणि कातड्याची पखाल ठेवायची. न ठेवली तर पाव पण दंड. गवताची छपरे काढून टाकायची. लोहारासारखे आगीवर काम करणारे लोक गावात एका जागी वसवायचे. रस्त्यांवर, चौकांत, वेशीपाशी पाण्याची भांडी रांगेने मांडून ठेवायची. आणि आग लागलेली दिसूनही जो घरमालक विझवायला धावणार नाही, त्याला बारा पण दंड. भाडेकरू असेल तर सहा. निष्काळजीपणाने आग लावली तर चौपन्न पण.

गुरुजनहो, ही यादी मुलांना फळ्यावर लिहून दाखवा आणि विचारा, यातली कोणती वस्तू आज आपल्या घरी आहे? शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडी, घागर. जवळजवळ सगळीच निघतील. आपल्या खेड्यांत आग लागली की आजोबा-पणजोबा हेच करीत. देवळाची घंटा बडवायची, विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावायची, हातोहात घागरी पुढे द्यायच्या, आणि आकडीने शेजारच्या घराचे छप्पर ओढून पाडायचे. पेटलेले घर वाचत नसे. पण पुढची ओळ वाचे. आगीच्या वाटेत तिचे खाद्य ठेवायचे नाही, हे शहाणपण लोकांना ठाऊक होते.

मात्र गाव मोठे झाले, वाडे दोन-तीन मजली झाले, लाकूडकाम वाढले, तेव्हा हे शहाणपण अपुरे पडू लागले. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटात मोठी आग लागली. दल नव्हते. होते ते शिपाई आणि खलाशी. शेवटी तोफा लावून मधली घरे पाडली, तेव्हा उरलेला भाग बचावला, असे त्या वेळच्या नोंदी सांगतात. म्हणजे आपल्या आकडीचेच काम तोफेने केले! पुढे पंचवीस वर्षांनी, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, पुण्याचा शनिवारवाडा पेटला. आठवडाभर तो जळत-धुमसत होता. आज आपण सहलीला मुलांना नेतो, तेव्हा दगडी जोती, तट आणि दिल्ली दरवाजा दाखवतो. वरचे सागवानी मजले, नक्षीची छते, दिवाणखाने दाखवायला उरले नाहीत. पेशवाई गेली १८१८ साली. वाडा गेला तो या आगीत.

आता एक पाऊल परदेशात टाकू. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो नावाचे शहर आहे. १८२४ साली तेथे जेम्स ब्रेडवुड नावाच्या अवघ्या चोवीस वर्षांच्या तरुणाला आग विझविणाऱ्या दलाचा प्रमुख नेमले. काही आठवड्यांतच शहरात भयंकर आग लागली आणि नवे दल अपुरे पडले. ब्रेडवुड त्यातून शिकला. त्याने माणसे निवडली ती गवंडी, सुतार, छपरे शाकारणारे, लोहार, नळकाम करणारे अशी. का? तर ज्याला घर बांधता येते, त्यालाच ते कोठून कोसळेल हे कळते. त्याने त्यांना पहाटे, रस्ते रिकामे असताना, कवायत द्यायला सुरुवात केली. नळी कशी उलगडायची, शिडी कशी लावायची, धुरात कसे सरपटत जायचे. धूर वर चढतो, जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा राहते, ही साधी गोष्ट. पण ती अंधारात, घाबरलेल्या माणसाला आठवली पाहिजे. ती आठवते कवायतीमुळे. १८३० साली त्याने या विद्येवर पुस्तक लिहिले. १८३३ साली त्याला लंडनला बोलावून घेतले. आणि २२ जून १८६१ रोजी टेम्स नदीकाठच्या वखारींना लागलेल्या आगीत, आपल्या माणसांची विचारपूस करीत फिरत असताना, अंगावर भिंत कोसळून तो गेला.

एवढी गोष्ट मी सांगितली ती परदेशाचे कौतुक म्हणून नव्हे. आग विझविणे हे नुसत्या धाडसाचे काम नसून शिकण्याची विद्या आहे, आणि ती रोज घासावी लागते, हा विचार येथे रुजला. आपल्याकडे मुंबईत आधी हे काम पोलिसांकडे होते. १८८७ साली ते नगरपालिकेकडे आले आणि पूर्णवेळ दल उभे राहिले. घोड्यांचे बंब गेले, मोटारीचे आले. आणि मग आला १९४४ सालचा एप्रिल.

श्रोते हो, ही हकिकत पुष्कळांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. महायुद्ध चालू होते. 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज इंग्लंडहून निघाले, वाटेत कराचीला थांबले आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या, आणि कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या.

खानदेशातल्या आणि वऱ्हाडातल्या माझ्या श्रोत्यांना मी कापसाविषयी सांगायला नको. जिनात गाठीला ठिणगी लागली की ती वरून दिसत नाही. कापसाच्या धाग्याधाग्यांत हवा अडकलेली असते. तिच्या जोरावर विस्तव आतल्या आत चालत राहतो. बाहेरून गाठ गार, आत निखारा. वरून पाणी ओतले तर ते बाहेरून ओघळून जाते. असा माल आणि त्याच्याच शेजारी दारूगोळा!

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास जहाजातून धूर येताना दिसला. गोदीवरच्या पंपांनी पाणी मारायला सुरुवात केली. शहराच्या नियंत्रण कक्षाला खबर द्यायची होती. त्या दिवसाच्या हकिगतींत असे सांगतात, की खबर द्यायला धावलेल्या माणसाला जो टेलिफोन सापडला त्याला नंबर फिरवायची तबकडीच नव्हती. मधल्या ऑपरेटरची वाट पाहण्यात वेळ जाऊ लागला, तेव्हा तो आगीच्या घंटेकडे धावला आणि तिची काच फोडली. घंटा वाजली. पण घंटेला बोलता येत नाही. ती एवढेच सांगते की अमुक ठिकाणी आग आहे. जहाजात दारूगोळा आहे, हे तिला कसे सांगता येणार? नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दोन बंब निघाले. खरी गोष्ट कळून जादा बंब मागवीपर्यंत मोलाचा वेळ गेला होता.

पुढचे सर्व ठाऊक आहे. बंब आले, जवान जहाजावर चढले. नऊशे टनांहून अधिक पाणी त्यांनी जहाजात ओतले. तळात पाणी उकळू लागले, पत्रे तापून लाल झाले. तरी विस्तव नेमका कोठे आहे तो सापडेना. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर दुसरा. जहाजे उडाली, वखारी उडाल्या, जळता कापूस आकाशातून वस्तीवर पडला. शेकडो माणसे गेली. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत वेगवेगळे दिले जातात. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले.

खबर नीट पोहोचली असती तर हे टळले असते का? असे म्हणणे धाडसाचे होईल. जहाजावर निर्णय कोणी घ्यायचा, जहाज बुडवायचे की बाहेर न्यायचे, याचाही घोळ त्या दिवशी झाला. पण एवढे मात्र निश्चित, की ते ६६ जण कशाशी झुंजत आहेत हे सर्वांना पहिल्या क्षणापासून ठाऊक नव्हते. धैर्यात कमतरता नव्हती, माहितीत होती. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि तेथून २० एप्रिलपर्यंत सप्ताह साजरा होतो.

स्वातंत्र्यानंतर शिक्षणाची सोय वाढली. १९५६ साली राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाले आणि १९५७ साली ते आपल्या नागपूरला आले. तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतले अधिकारी तेथे शिकून गेले आहेत. राज्याचे प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझला आहे. फायरमनचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तेथे होतो.

कायद्यानेही आपले काम केले आहे. आग विझविणे आणि आगीच्या वेळी जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे १९६५ च्या कायद्याने नगरपरिषदांच्या आवश्यक कर्तव्यांत घातले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, तिच्यातही अग्निशमन सेवा आहे. पुढे राज्याने आग प्रतिबंधाचा २००६ चा स्वतंत्र अधिनियम केला आणि तो डिसेंबर २००८ पासून अमलात आला. म्हणजे बंब ही गावाची हौस नाही; तो गावाचा हक्क आहे आणि नगरपरिषदेचे कर्तव्य आहे.

पण कायद्याचा कागद आणि तालुक्याचे गाव यांत अंतर असते. लहान गावचे अग्निशमन केंद्र कसे असते? नगरपरिषदेच्या आवारात एक शेड, तीत एखादी किंवा दोन गाड्या, शेजारी एक खोली, खोलीत टेलिफोन आणि वर्दीची वही. पाळीवर एक चालक, एक नायक आणि तीन-चार फायरमन. एवढ्या माणसांवर गावही आणि भोवतालची खेडीही.

वर्दीच्या वहीची पाने उलटली तर त्या मुलखाचे वर्ष डोळ्यांपुढे उभे राहते. माघ-फाल्गुनात उसाचे फड: वीजवाहिनीच्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली. चैत्र-वैशाखात कडब्याच्या गंज्या, गोठे, काजूच्या आणि आंब्याच्या बागा. पावसाळा लागला की झाड पडले, भिंत खचली, ओढ्यात गाडी वाहून गेली. दिवाळीत फटाके. आणि बाराही महिने गॅसची टाकी, विजेची तार, विहिरीत पडलेली गाय, विहिरीत उतरलेला माणूस. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला राहती इमारत कोसळली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहरात पाणी शिरले. अशा वेळीही पहिली हाक बंबवाल्यांनाच जाते. नाव अग्निशामक, पण आगीइतकेच पाण्याशी आणि मातीशीही त्यांचे काम पडते.

म्हणून कवायत. सकाळी शेडपुढच्या मोकळ्या जागेत तुम्ही ती पाहिली असेल, आणि 'ही माणसे रिकामी खेळताहेत' असेही कदाचित वाटले असेल. एक जण नळीची गुंडाळी फेकतो, ती सरळ उलगडत जाते. दुसरा तिचे तोंड पंपाला लावतो. तिसरा पुढे धावून टोकाला पितळी ब्रँच बसवतो. नायक 'पाणी' म्हणतो आणि चालक झडप उघडतो. प्रत्येकाला आपापला क्रमांक आणि आपापले काम. दुसऱ्याचे काम आपण करायचे नाही, आणि आपले काम दुसऱ्यावर टाकायचे नाही. मग दोराच्या गाठी: कोणती गाठ ओढल्याने घट्ट होते, कोणती होत नाही. माणसाला विहिरीतून वर ओढताना छाती आवळणारी गाठ मारली तर तो वर येईपर्यंत घुसमटेल. ही गाठ डोळे मिटून मारता आली पाहिजे, कारण खरी वेळ रात्रीची असते.

आता एक साधे गणित सांगतो; शाळेत घालता येईल. एका मध्यम बंबात साधारण ४५०० लिटर पाणी असते. पंपाची पूर्ण ताकद मिनिटाला १८०० लिटर धरा. टाकी किती वेळात रिकामी होईल? अडीच मिनिटांत. बेताने, एकच नळी चालवली आणि मिनिटाला ४५० लिटर वापरले, तर दहा मिनिटांत. म्हणजे बंब येऊन पोहोचला तरी त्याच्याजवळ दहा मिनिटांचे पाणी आहे. पुढचे पाणी तुमच्या विहिरीचे, शेततळ्याचे, ओढ्याचे. त्या पाण्यापर्यंत गाडी जाईल अशी वाट आहे का? हा प्रश्न आग लागल्यावर विचारायचा नसतो.

दुसरे गणित अंतराचे. खेड्यात पहिला बंब वीस मिनिटांत पोहोचावा, असे प्रमाण मानले आहे. पण तुमचे गाव केंद्रापासून वीस किलोमीटर असेल आणि भरलेली गाडी आपल्या रस्त्यांवरून ताशी चाळीसच्या वेगाने आली, तर अर्धा तास झाला. वाळलेल्या कडब्याची गंजी अर्धा तास वाट पाहत नाही.

येथे मला माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी सातवीत होतो. वडील गावच्या शाळेत शिक्षक. चैत्राचे दिवस, दुपारची वेळ. गावच्या एका तात्यांच्या गोठ्याला आग लागली. शेजारीच वर्षाची वैरण रचलेली. गावात टेलिफोन एकच. एक तरुण धावत गेला, तालुक्याला फोन लागला, आवाज खरखरत होता. तो ओरडला, "पिंपळगावला आग लागलीया, लवकर या!" आणि फोन ठेवून परत पळाला. त्याचे तरी काय चुकले? घर पेटलेले, पाय जागेवर कसे ठरणार!

पण श्रोते हो, आमच्या तालुक्यात पिंपळगावे दोन. एक नदीच्या अलीकडे, एक पलीकडे. बंब निघाला तो पलीकडच्या पिंपळगावला. तेथे लोक पारावर निवांत बसलेले. विचारपूस झाली, गाडी वळली, पुन्हा पूल ओलांडून आली. ती आली तेव्हा गोठा बसला होता, वैरण राख झाली होती, आणि दावणीला बांधलेली दोन्ही बैले गेली होती. दावे कापायला कोणाला आत जाता आले नाही. तात्या एका बाजूला बसले होते, ते बंबाकडे पाहीनात.

तांडेलाने डोक्यावरचे शिरस्त्राण काढले. क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग त्याने माणसांना कामाला लावले. राखेत निखारे होते, वारा उठत होता, आणि पुढची आळी गवताच्या छपरांची होती. ती आळी त्याने वाचवली. काम संपल्यावर वडिलांना तो म्हणाला, "गुरुजी, आम्हाला उशीर झाला तो गाडीनं नाही झाला. बंब पाण्यावर चालत नाही, पत्त्यावर चालतो."

वडिलांनी ते मनाला लावून घेतले. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी वर्गात एक नवा धडा सुरू केला. लाकडी ठोकळ्याचा फोन. एक मुलगा वर्दी देणारा, एक घेणारा. बाकीच्यांनी ऐकायचे आणि काय राहिले ते सांगायचे. "कोणतं पिंपळगाव?" असे घेणाऱ्याने विचारले की वर्ग हसे, पण ज्या दिवशी तात्यांची नात वर्दी द्यायला उभी राहिली, त्या दिवशी कोणी हसले नाही. तिने गाव सांगितले, तालुका सांगितला, नदीची अलीकडची बाजू सांगितली, मारुतीच्या देवळामागे म्हणून सांगितले, आणि शेवटी म्हणाली, "दावणीला दोन बैलं आहेत." आज पन्नास वर्षे होत आली, पण ते वाक्य मी विसरलो नाही.

मुंबईच्या गोदीतली घंटा आणि आमच्या गावचा फोन, यांत मला फरक दिसत नाही. दोन्हींनी आग आहे एवढेच सांगितले. बाकीचे सांगितले नाही.

तेव्हा वर्दी कशी द्यावी? आज तबकडीचा टेलिफोन शोधायला नको, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. अग्निशमनाचा जुना क्रमांक १०१, आणि पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सर्वांसाठी देशभर एक क्रमांक ११२. तरी जवळच्या केंद्राचा थेट नंबर शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवावा. फोन लागला की पाच गोष्टी सांगाव्या. एक, ठिकाण: गाव, तालुका आणि ठळक खूण. दोन, काय पेटले आहे: घर, गंजी, गॅस, विजेची डीपी की कापसाचे गोदाम. तीन, आत माणूस किंवा जनावर अडकले आहे का. चार, गाडी कोणत्या रस्त्याने येईल आणि पाणी कोठे मिळेल. पाच, तुमचा नंबर. आणि पलीकडचा माणूस 'ठेवा' म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. मग एक जण फाट्यावर उभा करायचा. रात्र असेल तर हातात बॅटरी घेऊन.

खोटी वर्दी कोणी देत असेल तर त्याला घरच्यांनीच कान धरून समजावावे. तालुक्याला गाडी एक. ती थट्टेपायी उत्तरेला गेली असताना दक्षिणेला घर पेटले, तर त्या घराने कोणाकडे पाहायचे?

आणि बंब येईपर्यंतचा वेळ आपला आहे. आधी माणसे बाहेर काढा, मग दावी कापा, सामानाचे नंतर. धूर दाटला असेल तर ओणवे होऊन, जमिनीलगत बाहेर या. ब्रेडवुडची पहाटेची कवायत हीच होती. विजेची आग असेल तर प्रवाह बंद झाल्याशिवाय पाणी मारू नका. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण लावूही नका आणि बंदही करू नका. टाकीचा रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचे नाही, पळण्याने वारा मिळतो. जमिनीवर आडवे होऊन लोळायचे, किंवा दुसऱ्याने घोंगडी टाकायची. भाजलेल्या जागी वीसेक मिनिटे थंड, वाहते पाणी धरा. शाई, टूथपेस्ट, तेल काही लावू नका. आणि गंज्या रचताना घर, गोठा व विजेची तार यांपासून दूर रचा, दोन गंज्यांत मोकळी जागा सोडा. आजोबांच्या आकडीचे काम ती मोकळी जागा आधीच करून ठेवते.

गुरुजनहो, तुमच्याकडे शेवटचे मागणे. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती असते, शाळेत तो उत्सव असतो. तेव्हा त्या आठवड्यातला दुसरा एक दिवस निवडा. मुलांना तालुक्याच्या केंद्रावर न्या, किंवा बंब शाळेत बोलवा. बंबवाले आनंदाने येतात. त्यांना नळी धरू द्या, गाठ मारू द्या. आणि वर्गात लाकडी ठोकळ्याचा तो फोन एकदा तरी वाजू द्या. त्याला खर्च काही लागत नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बंब शेजारून गेला, तर वाट द्या आणि क्षणभर त्याच्याकडे पाहा. आत बसलेल्या माणसांनी आपले शिक्षण पुरे केले आहे. त्यांना वर्दी नीट मिळाली असेल, तर दावणीची दोन बैले वाचतील. ती नीट देणे आपल्या हातात आहे.